ती सोडा, पुढचं वाचा

तालुक्याच्या कचेरीतला अभिलेख कक्ष. डोक्यावर पंखा आहे, पण तो लावायचा नाही. लावला की पानांच्या कडांचा चुरा उडतो. टेबलावर कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, उघडं. मोडी वाचणारे काका ओळीखाली बोट धरून वाचतायत आणि समोर पंचविशीतला एक मुलगा वहीत उतरवून घेतोय. गेल्या दोन-तीन वर्षांत साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही तालुक्यात हे दृश्य नवं राहिलेलं नाही. मुलाला जातीच्या दाखल्यासाठी खापरपणजोबाची नोंद हवी आहे. खिशात वंशावळीचा कागद, त्यावर पाच पिढ्यांचे पुरुष जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक. काका वाचतात, "अमुक बिन तमुक, यास मुलगी झाली." बापाचं नाव जुळतं, आज्याचं जुळतं, आडनावही जुळतं. मुलगा पुढे वाकतो आणि तसाच मागे सरतो. "ती सोडा काका, पोरगी हाय. पुढचं वाचा."

काकांचं बोट खालच्या ओळीवर जातं.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. जात बापाकडून येते, पुरावा बापाच्या बाजूचा लागतो, रांगेत आणखी दहा जण उभे असतात. गंमत एवढीच की पितृकुळातली रक्ताची नातेवाईक म्हणून त्या मुलीची, म्हणजे त्याच्या खापरपणजोबाच्या बहिणीची, नोंदही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. जातीचा रकाना तिच्या ओळीतही भरलेलाच असतो. पण वंशावळ म्हणजे पुरुषांची माळ हे इतकं अंगात मुरलेलं आहे की हाती आलेला मणीही आपण खाली ठेवतो. आणि ती मुलगी? तिचं पुढे काय झालं, कुठल्या गावी दिली, किती बाळंतपणं झाली, कधी गेली, हे शोधायचं ठरवलंच तर कागद किती दूरपर्यंत साथ देतात? पुष्कळ दूरपर्यंत देतात, फक्त सरळ रस्त्याने नाही.

पहिली अडचण त्या ओळीतच आहे. तिला नाव नाही. जन्माची वर्दी जायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं, आणि झालं तरी ते नाव वहीत भरायला कोणी परत जायचं नाही. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, संपलं. आईचं नाव तर जवळपास नसतंच. वाचताना वाटतं, या गावात पोरं बापांनाच होत होती. मृत्यूच्या बाजूला मात्र थोडं जास्त हाती लागतं: वय आणि रोग. ताप, पटकी, देवी, हगवण, खोकला, बाळंतरोग. वयावर फार विसंबू नये. चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे दिसले की ते अंदाजाने सांगितलेले असं धरून दोन्हीकडे पाच-सात वर्षं सोडावीत. पण रोगाचा रकाना फार बोलतो. म्हणून नक्कल मागताना एका ओळीची मागू नये. अख्खं पान मागावं, जमलं तर मागचं-पुढचंही. जन्माच्या नोंदीनंतरचे दहा-पंधरा दिवस मृत्यूच्या बाजूला तपासायचे. तिथे त्याच बापाच्या नावापुढे "ची बायको, बाळंतरोग" असं दिसलं तर त्या बाळाची आई सापडली. नाव तरीही नाहीच. पण ती होती, आणि तिच्या पोटी जे मूल आलं ते कुठलं, हे आता ठरलं.

एकाच ठिकाणी सापडण्यासाठी तिला मरावं लागलं, हे त्या कागदापुढे बसल्यावर हळूहळू लक्षात येतं. आणि एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक कागदात तेच दिसायला लागतं.

दुसरी अडचण लग्नाची. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी कागदोपत्री संपते. माहेरची वंशावळ तिला एका नावाने ओळखते (ओळखत असेल तर), सासरची दुसऱ्या. दोघींना जोडणारा कागद बहुधा नसतोच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांकडे २५ जानेवारी १८६२ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, तिचं लग्न झालं आणि यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाली. महादेव गोविंद रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी गेली होती. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून यमुना आपल्याला माहीत. तिच्या वयाच्या, त्याच पंचक्रोशीतल्या, त्याच वर्षी लग्न झालेल्या बाकीच्या मुलींचं काय? त्यांच्या नावांचे दोन तुकडे दोन गावांत पडलेले आहेत आणि ते जुळवायला एखादी म्हातारीच लागते, जी म्हणेल, "तिचं माहेरचं नाव येसू, इकडं आल्यावर लक्ष्मी ठेवलं."

म्हणून कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसावं. पुरुषांजवळ नंतर. पुरुष जमिनीचे गट नंबर बिनचूक सांगतात, पण आत्या कुठे दिली म्हटलं की "तिकडं वाळव्याकडं कुठंतरी" म्हणून मोकळे होतात. बायकांना गाव, वाडी, घराची खूण, जावांची संख्या, सगळं पाठ असतं. एक पंचाईत मात्र होते. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि सासऱ्याचं तर त्याहून नाही. सासऱ्याचं नाव हणमंत असेल तर मारुतीच्या देवळालाही ती "वेशीतला देव" म्हणते. तेव्हा थेट नाव विचारू नये. नातवाला जवळ घ्यावं आणि विचारावं, याला कुणाचं नाव ठेवलंय? आज्याचं नाव नातवाला आणि आजीचं नातीला ठेवायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि त्या रीतीने एक पिढी गाळून नाव परत वर येतं. जात्यावरच्या ओव्या कुणाला आठवत असतील तर त्या लिहून घ्याव्यात. ओवीत बाई भावाचं नाव मोकळ्या गळ्याने घेते, माहेरच्या गावाचं घेते, वाटेतल्या ओढ्याचंही घेते. खानेसुमारीच्या कुठल्या तक्त्यात एवढा पत्ता मिळायचा नाही.

नावांवरून आणखीही काही कळतं. धोंडू, दगडू, केरू ही नावं दिसली की आधीची एक-दोन पोरं गेली असावीत असा संशय घ्यावा. दृष्ट लागू नये, काळाने टाकाऊ समजून सोडून द्यावं, म्हणून ती ठेवली जात. मुलीचं नाव नकुशी असेल तर तिच्यावर बहिणी असणार हे उघड आहे. हे जुनं झालं असंही म्हणायची सोय नाही. सातारा जिल्ह्यातच २०११ मध्ये २८५ नकुशींची नावं समारंभ करून बदलली गेली. वंशशोधनाच्या कोरड्या नजरेने बघितलं तर नकुशी हे नाव फार उपयोगी आहे, त्यातून जन्मक्रम कळतो. असं लिहिताना आपलीच लाज वाटते, पण कळतो हे खरं.

जिल्ह्याचाही एक चकवा आहे. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात. यमुना जन्मली तेव्हा सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर या बाजूचं एकोणिसाव्या शतकातलं काहीही शोधायचं तर साताऱ्याच्या नावाखाली शोधावं लागतं. त्यात संस्थानं. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, आटपाडी औंधकरांची, शिवाय जत, फलटण. मुलीचं माहेर इंग्रजी मुलखात आणि सासर नदीपलीकडच्या संस्थानी गावात असेल तर तिच्या आयुष्याचे दोन भाग दोन राज्यांच्या दप्तरांत पडतात. दोन कोसांवर दिलेली लेक कागदात परमुलखी होते. गावाचं नाव हाती लागलं की आधी ते गाव त्या काळी कुणाचं होतं ते बघावं, मग दप्तराच्या दारात उभं राहावं. उलटं केलं की हेलपाटे ठरलेले.

आता मोडी. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बाईच्या नावापुढे येणारा छोटासा शब्द त्या सलग माळेत हमखास निसटतो: कोम. "सगुणाबाई कोम हणमंता" म्हणजे हणमंताची बायको सगुणाबाई. कुठे कोमऐवजी "मर्द" असतं, पुढे पुढे "भ्र." म्हणजे भ्रतार. नवशिका वाचक कोमला कौम समजतो आणि पुढे जात लिहिली असेल म्हणून शोधत बसतो, किंवा मर्द वाचून बाईलाच पुरुष करून टाकतो. "बिन" म्हणजे कुणाचा तरी मुलगा. अशा दोन अक्षरांच्या खिळ्यांवर माणसं एकमेकांना टांगलेली असतात. खिळा चुकला की अख्खं घर भलत्या भिंतीवर लागतं. लिप्यंतर करून घेताना म्हणून वाचकाला सांगावं, काका, आहे तसंच उतरवा, सुधारून नको. अर्थ नंतर लावू.

नावाआधीच्या बिरुदाकडेही लक्ष असू द्यावं. पत्राच्या मायन्यात वज्रचुडेमंडित असेल, सौभाग्यवती असेल, तर त्या तारखेला नवरा जिवंत आहे. गंगाभागीरथी आलं की नवरा गेलेला. एकाच बाईची दोन पत्रं किंवा दोन अर्ज मिळाले, पहिल्यात सौ. आणि दुसऱ्यात गं. भा., की तिच्या नवऱ्याचा मृत्यू त्या दोन तारखांच्या मध्ये बसतो. मृत्यूची नोंद कुठेही नसताना तो असा बायकोच्या नावाआधीच्या दोन अक्षरांवरून ठरवता येतो. पुरुषाची तारीख बाईकडून मिळण्याचे असे प्रसंग थोडेच.

तारखांचा हिशोब जमला नाही तर हे सगळं वाया जातं. जुन्या कागदावर सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दप्तरांतली वर्षगणना, अरबी शब्दांत येतो. "सीत सलासीन मयातैन व अलफ" म्हणजे सहा, तीस, दोनशे आणि हजार, एकूण १२३६. त्यात ५९९ मिळवले की इसवी १८३५. पण सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, तेव्हा जानेवारी ते मृग या काळासाठी ६०० मिळवायचे. शकात ७८, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. महसुली हिशोबाचा फसली सन सुहूरपेक्षा नऊ वर्षं पुढचा वाटावा असा गोंधळ होतो. खरं तर वर्ष तेच असतं, फक्त आकडा नऊने मोठा, १२३६ सुहूर म्हणजे १२४५ फसली. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ती फुकटची उलटतपासणी आहे: शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर. शके १७५७ साठी बाकी येते २९, म्हणजे मन्मथ. कागदावर शक १७५७ आणि संवत्सर भलताच निघाला तर नकलनवीस कुठेतरी चुकलाय. बहुतेक वेळा आकडा चुकतो, नाव नाही.

आता पुन्हा बाईकडे. ती कागदात केव्हा येते?

नवरा गेला की येते. मूल लहान असलं की त्याच्या नावापुढे "अ. पा. क." म्हणून येते, अज्ञान पालन करणार आई अमुक. दिरांनी वाटणी दिली नाही की पोटगीसाठी येते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात कुठे कुठे अजून तिची पोटगी दिसते, ज्याने द्यायची तो आणि जिला घ्यायची ती दोघंही जाऊन जमाना झाला तरी. मूल नसलं की दत्तकपत्रात येते. मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखात वेगळ्या निघालेल्या विधवेला नवऱ्याने तशी परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येई, त्यामुळे इथल्या घराण्यांत बायकांनी केलेली दत्तकपत्रं आणि त्यांवरून लागलेले भाऊबंदकीचे दावे पुष्कळ. एका दत्तकपत्रावरून किती कळतं बघा: नवरा त्या तारखेआधी गेला, मुलगा नाही किंवा जगला नाही, ती विभक्त आहे किंवा सासरच्यांची संमती मिळाली आहे, आणि मूल कुणाकडून घेतलं. खाली तिची सही नसते, निशाणी असते. कुणब्याची निशाणी नांगराची, बाईची बांगडीची. कारकून कागदावर वाटोळं काढतो आणि शेजारी लिहितो, निशाणी बांगडीची. जिच्या हातातली बांगडी नुकतीच फुटलेली आहे तिची खूण म्हणून.

वतनदार घराण्यांत याला कायद्याची आणखी एक कात्री लागली. १८७४ च्या वतन कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली आणि वतनाच्या वारसाहक्कात घरातल्या बायकांचा क्रम पात्र पुरुषांच्या मागे ढकलला गेला. अपवाद एकच, शेवटच्या वतनदाराची विधवा. म्हणून त्या सालाच्या आधीच्या वतनी कागदांत एखादी लेक, बहीण हक्क सांगताना दिसते आणि नंतर ती विरत जाते. विधवा तेवढी राहते. पाटील-कुलकर्ण्यांची वंशावळ १८९० नंतरच्या कागदावरून तयार केली असेल तर "या घरात मुली नव्हत्याच का?" हा प्रश्न विचारण्याआधी हे साल आठवावं. मुली होत्या. त्यांना विचारायचं कारण उरलं नव्हतं.

ज्यांना वतन नाही, इनाम नाही, दोन-चार एकर जमीन आहे, त्यांच्यासाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे गावोगावची फेरफाराची वही विसाव्या शतकातली. तरी निराश होऊ नये. १८५५ च्या सुमारास जन्मलेली बाई १९२० पर्यंत जगली असेल तर तिथेच सापडेल, वारस म्हणून किंवा मयत म्हणून. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची आणि पाय मागे टाकत जायचं. उताऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकाची नोंद काढायची, तिच्यात आधीच्या नोंदीचा धागा असतो. मध्ये तुकडेजोडीची भिंत येते, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तिथे माणसं हरवतात. जुन्या-नव्या नंबरांच्या जुळणीचा तक्ता मागून घ्यावा आणि जमिनीचं क्षेत्र, चतुःसीमा ताडून मगच पलीकडे उडी मारावी. शेजारच्या खातेदारांची नावं लिहून ठेवावीत. सगळं बदलतं पण बांधाला बांध असलेला भाऊबंद सहसा बदलत नाही. वारसनोंदीत "विधवा" म्हणून दोन बायका आल्या तर गोंधळून न जाता दोघींना मुलं कोणती ते मुलांच्या वयांवरून लावावं. थोरल्या आणि धाकट्या मुलात पंचवीस वर्षांचं अंतर असेल तर आई एक असणं अवघड. पाटाची, म्हणजे पुनर्विवाह करून आलेली, बायको असेल तर नोंदीत कधी तसं लिहिलेलं असतं, आणि वंशावळ लिहिताना आजचा नातू तो शब्द गाळतो. गाळू नये. पाट हा त्या बायकांचा हक्काचा दुसरा संसार होता, आणि तो लागावा म्हणून पाटदाम नावाचा कर घेतला जाई. सरकारने पैसे घेऊन मान्य केलेली गोष्ट आपण का लपवावी?

एवढं सगळं चाळल्यावर एक गोष्ट टोचत राहते. कागदात सापडते ती विधवा, पोरकी मुलं सांभाळणारी, दिरांशी भांडणारी, निपुत्रिक. जिचा नवरा म्हातारा होईपर्यंत जगला, जिची चार पोरं हाताशी आली, जिने कुणाकडे कधी अर्ज केला नाही, ती कुठेच नाही.

सुखाच्या संसाराचा फेरफार होत नाही.

म्हणजे शोधणारा नकळत तिच्या वाईटाची वाट बघू लागतो. दावा मिळाला की आनंद होतो. पटकीच्या साथीचं वर्ष आलं की वही सरसावून बसतो. १८७६-७७ च्या दुष्काळाची पानं, १८९७ नंतरची प्लेगची पानं, ही शोधणाऱ्याच्या दृष्टीने श्रीमंत पानं. आणि नोंद नाही मिळाली तर चुकचुकतो, "काहीच नाही हो तिचं." काहीच नाही, हे तिच्या बाजूने बघितलं तर कदाचित फार चांगलं असेल.

सावित्रीबाईंकडे या नजरेने बघितलं तर वेगळंच दिसतं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या नेवसे पाटलांची लेक, जन्म ३ जानेवारी १८३१, लग्न १८४० मध्ये. फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. म्हणजे पुण्यात वाढलेल्या जोतीरावांचंही मूळ सातारा जिल्ह्यातलंच. पोटचं मूल नाही. १८७४ मध्ये घेतलेला दत्तक यशवंत. नेवशांच्या रूढ वंशावळीत ती लेक म्हणून बाहेर, फुल्यांच्या वंशवेलीत तिच्याखाली पोटचं पान नाही. नुसत्या वंशावळीवर सोडलं असतं तर एका रेघेत संपली असती. तिचं माहेर आपल्याला दिसतं ते तिने आजारपणात नायगावहून १८५६ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रातून, ज्यात भाऊ आहे, भावाशी झालेला वाद आहे, आई आहे. तिच्या पिढीतल्या किती बायकांचं माहेरून सासरी गेलेलं स्वतःच्या हातचं पत्र शिल्लक असेल? आणि १० मार्च १८९७ ला ती प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेली. तिचं आडनाव, गाव, दत्तकाचं साल सगळं माहीत असणं हा अपवाद आहे, आणि त्याचं कारण तिने स्वतः हातात लेखणी धरली हे आहे. बाकीच्यांच्या हाती बांगडीची निशाणी.

म्हणून ज्या बायका कचेरीत कधी गेल्या नाहीत त्यांना घरात शोधावं लागतं. तिथे एक फार नेमका पुरावा पडून असतो आणि त्याला पुरावा म्हणून कुणी हात लावत नाही: पितृपंधरवडा. भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. त्या दिवशी घरात कुणाचं तरी होत असेल तर ती बाई नवऱ्याआधी गेली, हे ठरलं. साल नाही, नाव बहुधा नाही, पण सवाष्ण गेली एवढं नक्की. अमुक तिथीला "आजेसासूबाईंचं" असतं असं कोणी सांगितलं तर तिची मृत्युतिथी शंभर-सव्वाशे वर्षं पानावर वाढली जातेय. जिथे उपाध्याय तर्पण सांगतात तिथे आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरची माणसं, सगळी नावानिशी म्हणावी लागतात. कुणाच्या तरी जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर ती यादी टिपलेली असते. देवघरातल्या टाकांकडेही बघावं. देवांच्या रांगेत एक बाईचा टाक कुठल्याच देवीसारखा दिसत नसेल तर तो सवतीचा असू शकतो. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक करून पुजायचा, गळ्यात घालायचा. वंशावळीने जिला वगळलं तिला सवतीने चांदीत उतरवून ठेवलं.

घराबाहेर पडायचं तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर; लांबच्या मजलेला काशी, प्रयाग, गया. तिथे नुसत्या आडनावावर काम होत नाही. मूळ गाव सांगावं लागतं, आजचं नव्हे, उठून आलो ते. भाऊबंदांची चार जुनी नावं सांगावी लागतात. मग लांबट वहीचं पान उलटतं आणि कुणीतरी अस्थी घेऊन आलेला पूर्वज सापडतो, त्याच्यासोबत आलेल्यांची, घरी राहिलेल्यांची नावं सापडतात, आणि त्यात बायको, आई, सून यांचीही. वहीत नावं लिहिली जातात ती यजमानाने स्वतः सांगून, त्यामुळे कचेरीतल्या कारकुनाला जे नको होतं ते इथे हवं असतं. कचेरीला हक्कदार हवा, उपाध्यायाला पुढच्या वेळी ओळख पटायला अख्खं घर हवं. एकच काळजी घ्यावी. लेख उतरवून घेताना तो कुठल्या सालचा आणि सांगणारा कोण, हे दोन्ही टिपावं. नातवाने सांगितलेली आजी आणि मुलाने सांगितलेली आई यांत फरक पडतो. नातू पुष्कळदा आजीला तिच्या हाकेच्या नावाने सांगतो, आणि मग बयाबाई, जिजी, आक्का अशी नावं वहीत कायमची बसतात.

तर ती कोतवाल बुकातली मुलगी. तिला शोधायचं झालं तर काय काय लागेल? तिच्या जन्मानंतरची पाच वर्षं मृत्यूच्या बाजूला आधी बघावी लागतील, कारण त्या काळी अर्धी कहाणी तिथेच संपायची. तिथे बापाच्या नावाखाली मुलगी मयत दिसली नाही तर ती जगली असं धरून पुढे चालायचं. दहा-बारा वर्षांनी तिचं लग्न. त्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, तुमच्या लेकी पूर्वी कुठल्या गावांत द्यायचे. सोयरिकी बहुधा ठरलेल्या पाच-सात गावांत फिरत असतात. त्या प्रत्येक गावाचं दप्तर कुठे, ते बघायचं. नाव बदललेलं, तेव्हा नावावरून नाही, "माहेर अमुक गावचं" या आठवणीवरून. आणि मग फेरफाराच्या वहीत विधवा म्हणून, अ. पा. क. म्हणून, पोटगीवाली म्हणून ती कुठे येते का, हे शोधताना मनातून ती तिथे नसावी असंही वाटत राहायचं.

त्या दुपारी पुढच्या पानावर मुलाला हवी ती नोंद मिळाली नाही. त्याच पानावर, दोन ओळी खाली मिळाली. त्याच बापाला मुलगा. काकांनी मान हलवली, मुलाने मोबाइलवर घरी कळवलं, अर्ज झाला, तिकीट लागलं. नक्कल मिळाली ती तेवढ्या भागाची, झेरॉक्स नीट आखून काढलेली. शिक्का, सही, तारीख. तिच्या वरच्या काठाला मधल्या परक्या ओळीची शिरोरेघ दिसते, आणि त्या रेघेच्याही वर, कागद संपतो तिथे, आणखी वरच्या ओळीतल्या अक्षरांची खालची शेपटं तेवढी आली आहेत.